साहेब आणि शेठ

माझ्या वडिलांचं शेवटचं मतदान घरी झालं, खाटेवर पडून, आणि त्यांच्या मतपत्रिकेवर ज्या हाताने खूण केली तो हात माझा नव्हता. चाळीस वर्षं रोज ज्याच्याशी वाद घातला त्या माणसाचा तो हात होता. आज हे मी शांतपणे लिहिते आहे. तेव्हा इतकी चिडले होते की दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने धुळ्याहून जळगावला निघून गेले, आणि 'आबा, येते' एवढं म्हणायलाही त्यांच्या खोलीत डोकावले नाही.

आबा धुळ्याच्या विक्रीकर कार्यालयात कारकून होते. पंचवीसेक वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढली. आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का, शिक्क्यात क्रमांक आणि तारीख, आणि मग जाड रजिस्टरात एक ओळ: कोणाकडून आला, विषय काय, शेरा काय. तो वाद घालणारा माणूस म्हणजे नाना. त्यांची शेंगदाणा तेलाची लहानशी मिल होती आणि त्यांना विवरणपत्र द्यायला आबांच्या खिडकीवर यावं लागे. पहिल्याच भेटीत नानांनी आवाज चढवला होता, एवढा कर घेता तर आमच्या मिलपुढचा रस्ता कुठे आहे म्हणून. आबांनी शिक्का मारला आणि म्हणाले, "शेठ, या खिडकीवर रस्ता मिळत नाही. इथे फक्त पोच मिळते." नाना हसले आणि "बरं, साहेब" म्हणून पोच घेऊन गेले. कारकुनाला कोणी साहेब म्हणत नसे आणि दोन घाण्यांच्या मिलवाल्याला कोणी शेठ म्हणत नसे. पुढे मिल बंद पडली, आबा निवृत्त झाले, विक्रीकर जाऊन जीएसटी आला, पण हे एकमेकांना साहेब आणि शेठच राहिले.

आमचं घर देवपूरला आणि नानांचं पांझरेपलीकडे जुन्या धुळ्यात. रोज पाचच्या सुमाराला नाना पूल ओलांडून पायी येत. ओट्यावर दोन खुर्च्या मांडलेल्या असत, माझी भावजय न विचारता चहा ठेवत असे, आणि वाद सुरू. विषय बहुतेक करच. एकाने जन्मभर कर भरला, दुसऱ्याने जन्मभर त्याचे कागद घेतले, दोघांना दुसरं काही सुचत नसे. निवडणूक आली की मात्र वादाला धार चढायची. आबा सगळ्या पक्षांचे जाहीरनामे मिळवत, फुकट वाटलेली पत्रकंसुद्धा, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात आवक क्रमांक घालत. मग लाल पेन्सिलीने वाचत. जिथे काही देण्याचं वचन असेल तिथे समासात एकच शब्द लिहीत: 'कोठून?' काय देणार ते सगळे लिहितात, कोणाकडून घेणार ते कोणी लिहीत नाही, हा त्यांचा कायमचा राग.

कंपन्यांवरचा प्राप्तिकर कमी केला ते वर्ष तर या दोघांना पुढची पाच वर्षं पुरलं. तीस टक्क्यांवरून बावीस. बाहेर ते कोणाशीही शुद्ध बोलत, पण एकमेकांशी, आणि नाना माझ्याशीही, अहिराणीतच, जिथे 'आला'चं 'उना' होतं, 'आहे'चं 'शे' आणि 'माझं'चं 'मनं'.

"सरकारनी आठ टक्के सोडात," आबा म्हणत. "त्या गयात कोठे? कामगारना पगारमा उनात का?"

"कारखाना उना तर पगार येई ना, साहेब!" नाना खुर्चीतून पुढे सरकत. "कर वाढावशी तर कारखाना जाई गुजरातमा, अन् आपला पोरे बी त्याना मांगे जातीन."

"पोरे तर आते बी जाई राह्यनात ना!"

मी जळगावला एका कर सल्लागाराच्या कार्यालयात काम करते, सत्तावीस वर्षं झाली. करांची विवरणपत्रं हाच माझा धंदा. त्यामुळे या वादाचं मला हसू यायचं आणि कंटाळाही यायचा. एकदा न राहवून मी नानांना सांगितलं, "नाना, ही सवलत कंपनीला आहे. तुमची मिल भागीदारीतली. ती चालू असती तरी तुम्हाला तीसच टक्के लागले असते."

नाना म्हणाले, "माले नही भेटनं म्हनीसन ते खोटं शे का?"

आबांना हे उत्तर इतकं आवडलं की त्यांनी नानांच्या पाठीवर थाप मारली. ज्याला पाच वर्षं खोडून काढत होते त्याचीच ही बाजू होती. मला त्या थापेचा अर्थ तेव्हा कळला नाही. मला वाटलं, म्हातारपणी माणसं अशी होतात.

त्यांचा एक रिवाज होता, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्रचार संपायच्या दिवशी संध्याकाळी भोंगे बंद झाले की ते बाजू बदलत. त्या एका संध्याकाळी नाना आबांची बाजू मांडत आणि आबा नानांची. नुसती चेष्टा नव्हे, मनापासून. दुसऱ्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडता आली नाही तर तुला वर्षभर काही ऐकूच आलं नाही, असा नियम होता. निवडणूक हिवाळ्यात आली तर अंगणात कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजली जात, मी ती मुद्दाम जळगावहून आणत असे, आणि भरीत-पुरीवर ही अदलाबदल चाले. उन्हाळ्यात आली तर शेवभाजीवर. आबा एकदम कर भरणारा व्यापारी व्हायचे, कपाळावर हात मारून सरकारला शिव्या घालायचे. नाना चष्मा नाकावर ओढून बोटाने हवेत 'कोठून?' लिहायचे. भावजय हसून हसून लोटपोट व्हायची. मी मात्र पुऱ्या लाटता लाटता घड्याळ बघायचे, कारण मला शेवटची बस धरायची असे.

त्यानंतर मतदान. कोणाला दिलं हे दोघांनी एकमेकांना कधी सांगितलं नाही, पण न सांगता सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. शेजारी म्हणायचे, तुमची दोघांची बेरीज शून्य, कशाला उन्हात जाता, दोघंही घरी बसा, निकाल तोच लागेल. नानांना हे मजेशीर वाटे. आबांना राग येई. आम्ही बौद्ध. मूळ गाव भडगावकडचं, गिरणाकाठचं. आबांचे वडील पहिल्यांदा मत द्यायला गेले तेव्हा आबा लहान होते आणि बोट धरून बरोबर गेले होते. ज्यांच्या ओट्याला हात लावायची सोय नव्हती त्यांच्या पुढे आजोबांचा नंबर लागला, कारण आजोबा पहाटेच येऊन उभे राहिले होते. आणि मागच्याला थांबावं लागलं. आबा हे प्रत्येक निवडणुकीला सांगत. घरी बसायची गोष्ट त्यांच्यापुढे कोणी काढायची नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते सकाळी सातच्या आत रांगेत असत, पंच्याऐंशीव्या वर्षापर्यंत.

आता माझी चूक.

गेल्या वेळच्या लोकसभेचा मे महिना. जळगाव-धुळे रस्त्यावर एरंडोलजवळ बस बंद पडली, दुसरीत उभी राहून आले, डोकं दुखत होतं. घरी पोचले तर ओट्यावर वाद रंगलेला, शेजारचे तिघे-चौघे पायरीवर बसलेले. मी चप्पल काढते आहे तोच आबांनी विचारलं, "बरं झालं आलीस. तू करातली माणूस. तू सांग यांना, कंपनीचा कर कमी केला की तो भार शेवटी कोणावर जातो?"

हे त्यांनी मला अभिमानाने विचारलं होतं. चारचौघांत माझी मुलगी बघा, तिला विचारा, असं. हे मला आज कळतं. तेव्हा मी म्हणाले, "आबा, सोडा ना आता. आवक-जावक सांभाळलं म्हणजे कर कळतो असं नसतं. आयुष्यभर शिक्के तर मारलेत."

पायरीवरचं कोणीतरी हसलं. नानाच बोलले, मला, तेही हळू आवाजात: "पोरी, शिक्का माराले बी कागद वाचना पडस."

मी आत गेले, पाणी प्यायले, डोक्याला बाम लावून पडले. माझ्या लेखी गोष्ट तिथे संपली. त्या निवडणुकीतही त्यांनी बाजू बदलल्या, पण मी नव्हते. भावजय म्हणाली, आबा लवकर थकले. त्यानंतर करातलं काही त्यांनी मला विचारलं नाही. फोनवर जेवलीस का, बस वेळेवर होती का, एवढंच. मलाही ते सोयीचं होतं, खरं सांगायचं तर.

श्रावणात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एक 'हां' तेवढा राहिला. पाणी हवं तरी हां, नको तरी हां, राग आला तरी हां. समजत मात्र सगळं होतं, डोळ्यांत दिसायचं. जन्मभर ज्याने दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही त्या माणसाकडे एक अक्षर उरलं. मी दर शुक्रवारी संध्याकाळी धुळ्याला येऊ लागले आणि रविवारी परत जाऊ लागले.

अशाच एका शनिवारी दवाखान्याचे जुने कागद शोधताना आबांच्या कपाटात एक लांब वही सापडली. निवृत्तीनंतरचं त्यांचं घरचं आवक रजिस्टर. जाहीरनामे, पत्रकं, वीजबिलाबद्दलची सूचना, नातवाच्या शाळेची चिठ्ठी, सगळ्याला क्रमांक. शेवटच्या रकान्यात शेरा, आणि काम झालं की 'निकाली'. मी मे महिन्याचं पान उघडलं, कुतूहल म्हणून. तिथे त्यांच्या सरळ, टपोऱ्या अक्षरात एक ओळ होती. कोणाकडून: मुलगी. विषय: आपणांस कर समजत नाही. शेरा: नोंद घेतली.

त्याच्या वरच्या आणि खालच्या सगळ्या ओळींपुढे 'निकाली' होतं. माझ्या ओळीपुढे नव्हतं. मी वही जागेवर ठेवली आणि मोरीत जाऊन नळ मोठा सोडून रडले. मग तोंड धुऊन त्यांना भात भरवला. त्यांनी नेहमीसारखी मान हलवून, पुरे म्हणून, हां केलं.

मला भरपाई करायची होती. दिवाळीनंतर लगेच विधानसभेची निवडणूक होती. मी जळगावहून सगळ्या पक्षांचे जाहीरनामे आणले, त्यांच्या खाटेशी बसून वाचले, कोपऱ्यात क्रमांकही घातले. कंपनीकराचं सगळं समजावून सांगितलं, त्यांनी मेमध्ये विचारलं होतं ते. काही भार भागधारकांवर जातो, काही कामगारांवर, काही मालाच्या किमतीत, आणि किती कुठे यावर विद्वानांचंही एकमत नाही. म्हणजे आबांचा प्रश्न अगदी योग्य होता, हेही सांगितलं. अर्धा तास बोलले मी. आबा ऐकत होते, पण कार्यालयात एखाद्या पक्षकाराचं ऐकावं तसं, सभ्यपणे. माझं बोलणं संपलं तेव्हा ते खिडकीकडे बघू लागले. पाच वाजत आले होते.

नाना रोज येतच होते. आता खुर्ची खाटेशेजारी आली होती, बाकी काही बदललं नव्हतं. बसायचे, चहाचा घोट घ्यायचे आणि आपली बाजू मांडायचे. कारखाने आले पाहिजेत, कर कमी झाला पाहिजे, महिलांच्या खात्यात दरमहा पैसे टाकायचे तर टाका पण उद्योग नसेल तर टाकणार किती दिवस. मग थांबायचे, चष्मा नाकावर ओढायचे आणि म्हणायचे, "आते तू म्हनशी..." आणि आबांची बाजू सुरू व्हायची. आबांच्याच शब्दांत, आबांच्या थांब्यांसकट. कर सोडला त्याच्यापोटी शाळेतला कोणता मास्तर कमी केला, दवाखान्यातलं कोणतं औषध बंद झालं, ते एकदा लिहून द्या. चुकून आबांची बाजू लंगडी पडली की आबा डाव्या हाताने खाटेच्या लोखंडावर टकटक करायचे. नाना लगेच म्हणायचे, "थांब, थांब, साहेब. परत सांगस." आणि नीट मांडायचे. जमलं की टकटक बंद. मी दाराशी उभी राहून हे पाहायचे. एका माणसाने दोघांचं भांडण चालवलेलं पाहणं फार अवघड असतं. मला त्यात शिरता आलं नाही, कारण इतक्या वर्षांत आबांची बाजू नेमकी काय होती हे मी एकदाही शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं.

पंच्याऐंशीच्या पुढच्यांना घरून मत देता येतं. त्याचा अर्ज मीच भरला. आबांना ते आवडलं नाही, डाव्या अंगठ्याचा ठसा देताना त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. त्यांना रांग हवी होती. पण रांगेत उभं राहणं सोडाच, खुर्चीतसुद्धा त्यांना दहा मिनिटांवर बसवत नव्हतं.

मतदानाच्या आठेक दिवस आधी, दुपारी चारला, अधिकारी आले. एक मॅडम, दोन कर्मचारी, एक पोलीस, एक चित्रण करणारा. मी आबांना पांढरा शर्ट घातला होता, इस्त्रीचा. उजवी बाही घालताना हात मेल्यासारखा जड लागला. नाना त्या दिवशी लवकर आले होते आणि कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. मॅडमनी ओळखपत्र पाहिलं, सगळं समजावलं, मतपत्रिका दाखवली, कुठे खूण करायची, कोणत्या पाकिटात घालायची. आबांच्या डाव्या हातात पेन ठरेना, तेव्हा विचारलं, "यांना स्वतःला खूण करता येणार नाही. मदतीला कोण?"

मी पुढे झाले. पेन माझ्या हातातच होतं. मनातल्या मनात मी किती दिवस या क्षणाची तयारी केली होती. आबा बोटाने दाखवतील तिथे मी खूण करणार होते, आणि मला वाटत होतं की मग ती वहीतली ओळ निकाली निघेल.

आबांनी डावा हात उचलला आणि माझ्या अंगावरून पलीकडे, कोपऱ्याकडे दाखवला.

"यांना म्हणताय, बाबा?" मॅडमनी विचारलं.

"हां."

त्यांच्या 'हां'चा काही भरवसा नाही, असं मी मॅडमना सांगितलं. हो, सांगितलं मी. मॅडमनी पुन्हा विचारलं, माझ्याकडे बोट करून, "मुलगी चालेल ना?" आबांनी लोखंडावर टकटक केली. जोरात. आणि पुन्हा तोच हात कोपऱ्याकडे.

नाना घाबरून उभे राहिले. "मी नही, साहेब. पोर शे ना. मी तर इरोधमाना मानूस शे."

आबांचा हात खाली येईना. शेवटी नाना खाटेशी आले. मॅडमनी त्यांच्याकडून मत गुप्त ठेवण्याच्या कागदावर सही घेतली, खाटेभोवती पुठ्ठ्याचा आडोसा लावला, आणि आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं.

मी ओट्यावर उभी होते. आतून शब्द कळत नव्हते, नुसती नानांची कुजबुज येत होती, बराच वेळ. मध्ये एकदा टकटक झाली, कुजबुज थांबली, पुन्हा सुरू झाली. भोंगे बंद व्हायला अजून आठवडा होता, पण नानांनी त्या दिवशीच बाजू बदलली होती, आणि या वेळी समोरून कोणी बदलणार नव्हतं. ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता. माझ्याकडे न बघता त्यांनी चप्पल शोधली आणि चहा न घेता पुलाकडे चालू लागले. पाकीट बंद झालं होतं. आबांनी डोळे मिटले होते, आणि कित्येक महिन्यांत दिसला नव्हता असा निवांतपणा त्यांच्या तोंडावर होता.

तो निवांतपणाच मला सहन झाला नाही. सत्तावीस वर्षं कराचं काम करणारी, त्यांच्या रक्ताची, दर शुक्रवारी धावत येणारी मी, आणि त्यांनी विश्वास टाकला तो तेलवाल्यावर. भावजयीपाशी मी हे याच शब्दांत बोलले. ती म्हणाली, "ताई, त्यांना राग नाही तुमचा." मला तेही बोचलं. सकाळी मी निघाले ते पायऱ्या मोठ्याने वाजवत. आतून 'हां' आला. हाक होती की काय होतं कोण जाणे. बस सुटेल म्हणून मी थांबले नाही, आणि बसला अजून पाऊण तास होता.

कार्यालयात विवरणपत्रांची घाई होती. त्या शुक्रवारी मी गेले नाही, काम आहे म्हणून कळवलं. सोमवारी सकाळी, प्रचाराच्या शेवटच्या दिवशी, नानांचा फोन आला. नाना कधी फोन करत नसत. ते इतकंच म्हणाले, "पोरी, साहेब गया."

पारोळ्याच्या चौकात आमची बस प्रचाराच्या गाड्यांमध्ये अर्धा तास अडकली. एका गाडीवरून वचनं चालू होती, हे देऊ, ते देऊ, दुप्पट देऊ, आणि खिडकीच्या गजाला डोकं टेकून मी मनात प्रत्येकापुढे लिहीत होते, कोठून, कोठून. पहिल्यांदाच लिहीत होते. संध्याकाळी नदीकाठच्या स्मशानात त्रिशरण-पंचशील झालं. आम्ही घरी परतलो तेव्हा शहरातले सगळे भोंगे बंद झाले होते, आणि ओट्यावर दोन खुर्च्या तशाच होत्या. ती भरताची संध्याकाळ होती.

मतदानाच्या दिवशी मी पहाटेच्या बसने जळगावला गेले, रांगेत उभी राहून मत दिलं, आणि दुपारपर्यंत देवपूरला परत आले. आबा गेले म्हणून घरी बसलेलं आबांना चाललं नसतं. आमच्या गल्लीच्या टोकाला शाळेत केंद्र होतं. शाई लावलेली बोटं एकमेकांना दाखवत माणसं ओट्यासमोरून जात होती.

पाच वाजता नाना आले. पूल ओलांडून, पायी. आपल्या खुर्चीवर बसले. मी चहा आणला. चहा उजव्या हातात घेऊन त्यांनी डावा हात गुडघ्यावर ठेवला होता, आणि त्या हाताच्या बोटावर शाई नव्हती.

"नाना, मत दिलं नाही?"

"नही गऊ."

मी रागावले त्यांच्यावर. आबांना हे चाललं असतं का? तब्येत बरी नाही का? सहापर्यंत वेळ आहे, रिक्षा बोलावते, तुमच्या केंद्रावर दहा मिनिटांत पोचाल. मी फोन काढलासुद्धा.

नानांनी माझ्या हातावर हात ठेवला. "बस, पोरी," म्हणाले. मग समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत, हळूहळू, एकेक शब्द काढत बोलले.

"चाळीस वरीस मी त्यानं मत खाई टाकं, अन् त्यानी मनं. यंदा तो बोलाले नही शे. यंदा त्यानं एकलानं राहू दे."

म्हणजे यंदा आबांचं मत खोडायला नानांचं मत नव्हतं. त्यांनी कुठे खूण केली ते मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. मला फक्त इतकं कळलं की त्या दिवशी पेन माझ्या हातात असतं तर मी आबांचं बोट बघून खूण केली असती, आणि माझं काम तिथे संपलं असतं.

मी फोन खाली ठेवला. आबांच्या खुर्चीवर बसायचं धाडस झालं नाही, म्हणून पायरीवर बसले. मेमध्ये जो हसला होता तोही तेव्हा याच पायरीवर बसलेला होता. "नाना," मी म्हणाले, "कंपनीच्या कराबद्दल आबांचं म्हणणं काय होतं? पहिल्यापासून सांगा."

नानांनी चहा बाजूला ठेवला, चष्मा नाकावर ओढला आणि बोलू लागले. सहा वाजून गेले, शाळेचं फाटक बंद झाल्याचा आवाज आला, तरी ते उठले नाहीत. मी एकदाही मध्ये बोलले नाही.